धोंड्याच्या महिन्यातले आठ दिवस

कल्याण, रविवार

प्रिय संचू,

काल ठाण्याला आले होते. तुझ्या वकीलबाईंनी बोलावलं होतं. तिथून तुझ्या हॉस्टेलच्या फाटकापर्यंत आले आणि तशीच माघारी फिरले. रागावू नकोस.

डोकं भणभणलंय माझं. नवरा टाकून गेला म्हणून घटस्फोट मागायचा, तर अर्जाआधी सलग दोन वर्षं त्याने टाकलेलं असायला हवं. संदेशराव गेले तेवीसच्या जानेवारीत. (अजून तोंडातून राव सुटत नाही, बघ.) आपण दोन वर्षं कळ काढली, मग अर्ज केला. आता त्यांचा वकील म्हणतो, मध्ये धोंड्याच्या महिन्यात जावई आठ दिवस सासरी राहिले, संसार पुन्हा सुरू झाला होता, तेव्हा दोन वर्षं तिथून मोजा. म्हणजे आपला अर्ज लवकर झाला. तो मागे घ्या, मग नवा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा समुपदेशन, पुन्हा तारखा. इथे पोरीची तिशी उलटली आणि हे महिने मोजत बसलेत. आठ दिवस पाहुणचार झोडला की टाकून गेलेलं पुसलं जातं, हा कुठला न्याय?

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, तोही नेमका त्याच साली यावा. तू दार उघडलंस, समोर ते बॅग घेऊन उभे. तुझा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. वाणाचे तेहतीस अनारसे तूच तळलेस, एक तुपात हसला, फुटून पसरला, तर तो बाजूला काढून दुसरा केलास. पुढे ते गेले ते गेलेच. पण तू रंभामावशीला सांगायचीस, एकदा तरी तो आपणहून आला होता.

संचू, अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. पीठ घरात आधीच तयार कसं होतं, हे तू कधी विचारलं नाहीस. मीच त्यांना तीनदा फोन केला होता. जावयाला वाण दिलं का, असं शेजारणी विचारायच्या आणि मला लाज वाटायची. वाण घ्यायला या, आठ दिवस राहा, संचूला सांगू नका, असं विनवलं मी. वकीलबाई म्हणतात, हे शपथेवर सांगितलं तर ते नांदायला आले नव्हते हे दाखवता येईल, दोन वर्षं कदाचित तुटणार नाहीत. बुधवारी मी कोर्टात सांगणार आहे. तुझ्याजवळ तेवढंच उरलं होतं, तेही मी काढून घेतेय. चारचौघांत पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून लिहिलं. बुधवारी माझ्याशेजारी बसली नाहीस तरी चालेल.

तुझीच,
आई