मोळी टेकायचा दगड

आये, तू जाऊन सात वर्षं झाली. आज सांगलीत विश्रामबागेकडच्या रुंद रस्त्यानं चाललो होतो, तर एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन उन्हात नुसतीच उभी. टेकायला कुठं काही नाही, आणि खाली ठेवली तर परत चढवून कोण देणार? मी पाटी उतरवून घेतली, दम खाल्ल्यावर चढवून दिली. "लय बरं केलंस, बाळा," म्हणाली. तेव्हापासून वही घेऊन बसलोय. मधे पाचगणीत शाळेच्या खानावळीत भांडी घासली, कुपवाडच्या कारखान्यात महिनाभरही टिकलो नाही, ते सगळं सांगायचं होतं. पण राहू दे, मुद्दा टळतोय.

साताऱ्यात आपल्या चढावर खांद्याएवढा दगड होता. तू पाठमोरी सरकून लाकडाची मोळी त्यावर टेकवायचीस, मान मोकळी करायचीस. पाचसहा जणी जमायच्या. "सरक की गं, दगड काय बापानं आंदण दिलाय व्हय?" त्या घोळक्यामुळं ताकवाली तिथंच बसायची, पोस्टमन सायकल टेकवून थांबायचा.

दुष्काळाच्या आधी तो रस्ता रुंद करायचं निघालं, आणि मी रस्त्याच्या साहेबांच्या हाताखाली मापाची फीत धरायला लागलो. भर दुपारी दगडापाशी कोणी नव्हतं. साहेबांनी विचारलं, "हा कशाला रे? कोणी वापरतं का?" मोळीवालीचा पोरगा हे कळू नये, एवढंच माझ्या डोक्यात. म्हणालो, "न्हाई साहेब, असाच पडलाय." त्यांनी चुन्याची रेघ त्याच्यावरून घ्यायला सांगितली. ओढली मीच.

दगड फोडून काढला, रस्ता गुळगुळीत झाला. मोटारी जोरात उतरायला लागल्या. बायका भिंतीला धरून एकीमागं एक जायच्या, न बोलता. ताकवाली उठून गेली. एका सकाळी तू मोळी खाली टाकून उभी आहेस, येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतेस, "आवं, जरा हात लावता का?" मी दहा पावलांवर फीत गुंडाळतोय. पाठ फिरवतो.

त्या संध्याकाळी मान शेकत तू विचारलंस, "कुठल्या मुडद्यानं काढला रं दगड?"

"साहेबानं," मी म्हणालो.

हे पत्र धाडावं तर तू नाहीस. असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं असतंस. खरं सांगतो आये, आत्ता लिहितानाही माझ्या मनात आधी हेच आलं, की मास्तरांना कळलं असतं.