सातावर काटा

६ एप्रिल, सकाळी ९
शैलेशचा फोन. यंदा सुट्टीत समृद्धीला इथे राहायला पाठवणार नाहीत. गेल्या वर्षी आपल्या बोअरच्या पाण्याने तिचं पोट बिघडलं होतं म्हणे. नात कामोठ्यात, मी पनवेलला, रिक्षाने वीस मिनिटं. मध्ये आलं काय, तर पाणी!
मी चिडलो नाही. मुलगा-सुनेशी भांडायचं नाही, आकडा दाखवायचा. पाणी चांगलं निघालं की प्रश्न मिटला.

७ एप्रिल
बाजारातून पीएच मीटर आणलं. ताहेर लॅबचं सामान विकतो. म्हणाला, काका, आधी कॅलिब्रेट करा. पाकिटातल्या पावडरीचं सातचं पाणी बनवायचं, त्यात मीटरने सातच दाखवायला हवं. मग चारचं. मग तुमचं पाणी.
हसूच आलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं वजनकाट्यावर काढली मी. काटा शून्यावर आल्याशिवाय एक ट्रक चढू दिला नाही. मला शिकवतो! माहितीपुस्तिका उघडलीच नाही.

त्याच दिवशी, दुपारी
राहवलं नाही. मीटर थेट बोअरच्या पाण्यात घातलं. ४.३. आकडा कमी म्हणजे चांगलं, शुगरचं तसंच असतं. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत ऋचाचं उत्तर: बाबा, हे तर ॲसिड झालं.
सूनबाई तोडून बोलतात. पण महिन्याभरात पहिल्यांदाच ग्रुपवर मला उत्तर दिलं कुणीतरी.

९ एप्रिल
आज रीतसर कॅलिब्रेशन. सातचं पाणी हिरवट, चारचं गुलाबी. मीटर दोन्हीकडे बरोबर बोललं. एकदम पास! वापरलेलं पाणी पुन्हा बाटल्यांत ओतून ठेवलं, टाकून देणं जिवावर येतं. मीटरचं काचेचं टोक साबणाने घासलं, फडक्याने कोरडं केलं आणि मीटर ओट्यावर उपडं घातलं. सौ. दमयंती गेल्यापासून ओट्यावर एकच ताट, एकच वाटी असते. आज जरा भरल्यासारखा वाटला.

१० एप्रिल
सातच्या पाण्यात ८.९. मग ५.६. मग आकडा थांबेचना, नुसता भटकतोय. शेजारची जनीबाई हंडा भरायला आली, तिला कौतुकाने दाखवायला गेलो. म्हणाली, "दादा, चालीस वर्सं आमी ह्याच पानी पितो. पोरीला पानी पाजायचा हाय का मशीन?"
तिला विज्ञान समजावलं. ती हंडा भरून निघून गेली. उरलेलं भिंतीला समजावलं.

११ एप्रिल
निष्कर्ष: मशीन सदोष. उद्या ताहेरला चांगलंच सुनावायचं.

१२ एप्रिल
सुनावायला गेलो. ताहेरने बाटल्या उजेडात धरल्या. हिरवं गढूळ, गुलाबी फिकट. कपाळाला हात लावून म्हणाला, "या अल्ला! काका, लोणच्याच्या बरणीत उष्टा चमचा घालता का?" म्हटलं, छे. "मग वापरलेलं पाणी परत का ओतलंत? आणि हे टोक सुकवायचं नसतं हो. टोपणात त्याचं पाणी असतं, त्यात ते कायम ओलं राहायला हवं." पुस्तिकेत हेच पहिल्या पानावर आहे म्हणे.
टोक भिजत घालायला सांगितलं, छोल्यांसारखं. नवी पाकिटं दिली. वर म्हणाला, पोटाचे जंतू या मीटरला दिसत नाहीत, ही बाटली घ्या, नमुना लॅबला द्या.
चहा झाला. दीड तास बसलो. कामाचं होतं म्हणून, एरवी मी कुणाकडे उगाच बसत नाही.

१५ एप्रिल
ठरल्याप्रमाणे सगळं. पाइपातलं शिळं पाणी जावं म्हणून बोअर दहा मिनिटं सोडली. सातला सात, चारला चार. आपलं पाणी ७.२. तीनदा घेतलं, तीनदा तेच. जंतूंची बाटली लॅबला पोचवली.
समृद्धीची गादी उन्हात घातली. पंखा पुसला.

२१ एप्रिल
रिपोर्ट आला. जंतू नाहीत. पिण्यायोग्य! लॅमिनेट करून आणला. ग्रुपवर फोटो टाकला. शैलेशने अंगठा दाखवला. म्हणजे ठरलं. उद्या नातीसाठी आंबे बघायचे.

२२ एप्रिल
ग्रुपवर शांतता. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार. आंबे आणले, कच्चेच, ती येईपर्यंत पिकतील.

२३ एप्रिल, संध्याकाळी ६
नेटवर्क बघायला म्हणून मीच फोन लावला. शैलेशने आधी तब्येत विचारली. मग म्हणाला, बाबा, पाण्याचं काही नव्हतं हो. तिचं स्विमिंग आहे, मैत्रिणी सगळ्या इथेच. तिथे तिला करमत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पाण्याचं सांगितलं.
म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल?
गादी गुंडाळून ठेवली. चार आंबे जनीबाईला दिले.
लॅबवाल्यांचं काहीतरी चुकलं असेल. घाईत करतात सगळं. पाण्यात काहीतरी असणारच, त्याशिवाय पोर यायची थांबेल का? मीटर पुन्हा सातावर आणून बघायला हवं. पाकिटं संपलीत.
ताहेर दहाला दुकान उघडतो. साडेनऊला जाऊन बसेन.