सोवळ्यातलं यंत्र

पुणे, १२ मे १९९१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाळदादाबरोबर पाठवलेलं खोकं उघडताना दचकू नकोस. आत माझी अख्खी पीएचडी आहे. गुडघ्याएवढं, चाकांवर आपलं आपण फिरणारं यंत्र. कोणी आडवं आलं की हातभर अंतरावर थांबतं नि वळसा घालून जातं. निदान जायला हवं! प्रयोगशाळेत ते सगळ्यांना टाळतं आणि नेमकं आमच्या सरांच्या नडगीवर जाऊन आपटतं. सर म्हणजे संगणकासाठी लावलेल्या एसीत बारा महिने लोकरी सूट घालून बसणारा, आधीच कावलेला माणूस. त्यांना वाटतं, मीच त्याला हे शिकवलंय.

परवा त्यांनी यंत्राला बाहेर काढलं आणि मला बजावलं, की गणपतीच्या आत कारण सापडलं नाही तर प्रबंधावर सही मिळणार नाही. म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. मी इथे गणितं तपासत बसते. तू त्याला बाहेरच्या खोलीत फिरू दे आणि कोणाला धडकतं का ते कळव. बॅटरी बाळदादा चार्ज करेल. तुझा लेक फॅक्टरीत ऑफिसर आहे, एवढं जमेल त्याला.

तुझा लोभ आहेच, सध्या त्यातला थोडा यंत्रालाही द्यावा.

तुझी
नीलिमा

अंबरनाथ पश्चिम, २ जून १९९१

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

एवढी शिकलीस, पण मुख्य गोष्ट लिहायला विसरलीस. अगं, तुझं यंत्र सोवळं पाळतं! कोणाला म्हणून शिवत नाही. बाळ समोर आला की थांबतं, साध्या साडीत असले तर मलाही वळसा. पण मी लोकरीची धाबळी नेसून पूजेला उभी राहिले, की सरळ येतं आणि पायाला टेकतं. रोज! सोवळ्यातलं माणूस बरोबर कळतं त्याला. मला तर बाई भरूनच आलं.

बातमी पार शिरगावपर्यंत गेली. बायका बघायला येतात आणि मान खाली घालून परत जातात. परवा सत्यनारायणाला बदलापूर गावातले विष्णुपंत गुरुजी आले, चांगला रेशमी मुकटा नेसून. यंत्र त्यांच्यासमोर थांबलं आणि सगळ्यांदेखत पाठ फिरवून चालतं झालं! गुरुजी लालबुंद. आंघोळ करून निघालो, वाटेत कशालाही शिवलो नाही, असं शपथेवर सांगायला लागले. त्यावर शेजारच्या मोतीबाईंनी नक्की ना, असं विचारलं मात्र, गुरुजी प्रसाद न घेताच गेले. आता पूजेला कोणाला बोलवायचं, सांग.

आणि तुझ्या सरांवर उगाच चिडू नकोस. वरून कसेही असोत, माणूस कडक सोवळ्यातला दिसतो. त्यांना माझा नमस्कार सांग. तब्येतीची हेळसांड करू नकोस, आणि माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी
आत्या

पुणे, ९ जून १९९१

ती. आत्या,

सा. न. वि. वि. वगैरे सगळं मागाहून. सर सोवळ्यातले नाहीत गं, रोज कँटीनमध्ये आम्लेट खातात. पण लोकरीतले आहेत! तुझं पत्र वाचून मी मेसमध्येच ओरडले.

ऐक. यंत्र आपल्याला ऐकू न येणारी शिट्टी वाजवतं. ती समोरच्यावर आपटून परत आली, की त्याला कळतं कोणीतरी आहे. जाड लोकर ती शिट्टी गिळून टाकते. तू धाबळीत असलीस की त्याच्या लेखी तू नसतेसच, म्हणून येऊन धडकतं. मी सुटी शिट्टी घेऊन हॉस्टेलच्या घोंगडीवर तपासलं. अगदी तसंच! सरांना सांगितलं, तर ते आधी स्वतःच्या पँटकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले, आणि चक्क हसले. यंत्र सुधारलं की सही देणार आहेत.

येत्या रविवारी येऊन त्याला न दिसणाऱ्या उजेडावर चालणारा दुसरा डोळा बसवते. महिनाभर तुझ्याकडेच चाचणी घेऊ. रेशमावरून शिट्टी परत येते, म्हणजे गुरुजी निर्दोष आहेत, तेवढं गावात जाहीर कर.

तुझ्या पाया पडून, आनंदाने वेडी झालेली
नीलिमा

अंबरनाथ पश्चिम, ३० जून १९९१

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

यंत्र गुणी झालंय. बाळने फिरवून फिरवून पाहिलं, कोणालाही लागत नाही. तू डॉक्टर होणार, आता कोणी अडवत नाही. मी पेढे वाटले. गुरुजींनाही पाठवले, ते त्यांनी ठेवून घेतले, पण बोलत अजून नाहीत.

मलाही ते वळसा घालतं गं आता. धाबळीत असले तरी. हातभर लांब थांबतं आणि निघून जातं.

राग नाही मला. पण तुझे आतोबा गेल्यापासून माझी सकाळ सोवळ्यात जाते. तोवर घरातलं कोणी मला शिवत नाही. शिस्त मीच लावलेली, दोष कोणाला देऊ? ते पत्र्याचं येऊन पायाला टेकायचं, तेवढ्या वेळ फार बरं वाटायचं. त्याच्या लेखी मी नव्हतेच, असं तू लिहिलंस. नसेन. ज्यांच्या लेखी आहे, ते तरी कुठे जवळ येतात?

दुसरा डोळा काढू नकोस हो, तुझी डिग्री आहे त्यावर. पण यंत्र न्यायला येशील तेव्हा सकाळीच ये. मी पूजेत असेन, धाबळीत असेन. तुझी आंघोळ झाली नसली तरी चालेल. खुशाल येऊन शीव मला.

वाट बघणारी
तुझी आत्या