सातवा डबा

१४ नोव्हेंबर

दाजी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल, असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. ठीक म्हणजे गुडघे कुरकुरतात. लिफ्टच्या कामावर आता मी नुसता खाली उभा राहून सूचना देतो आणि वर चढलेले माझं ऐकत नाहीत. ताईचा खोकला गेला का? तुम्ही घरात असलात की ती फोनवर तीन वाक्यांत आटोपतं घेते, त्यामुळे तिच्या तब्येतीचं मला नीट काही कळत नाही.

पत्राचं कारण असं की क्लबचं तळघर महिनाअखेर सोडायचंय. मालकाला गोदाम हवंय. आपण चौदा जण होतो, उरलो चार, आणि त्यातल्या दोघांना वाकता येत नाही. तेव्हा छोट्या रेल्वेची आपली ती सगळी मांडणी मोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. स्टेशनं, पूल, सिग्नल, ज्यांना बघून तुम्ही नाक मुरडायचात ती कापसाची झाडं, सगळं मी खोक्यांत भरलं. कंटाळा आला हो. बांधताना एवढा पसारा कधी वाटला नव्हता.

गेल्या रविवारी डोंगर फोडला. चिटणीस शेजारी होते, तेच आपले औषधांच्या दुकानवाले. बोगद्याच्या आतल्या प्लास्टरवर एक हिरवी रेघ निघाली. हातभर लांब, बरोबर डब्याच्या खिडक्यांच्या उंचीवर. चिटणीसांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, हा तर दाजींचा हिरवा. तीन रंग मिसळून तुम्ही केलेला तो रंग, दुसऱ्या कुणाचा असणार? मग त्यांनी टेप लावून वळण मोजलं. आराखड्यात त्रिज्या अठ्ठावीस इंच. निघाली एकवीस. म्हणाले, एवढ्या आवळलेल्या वळणावर साडेअकरा इंचांचा डबा जाईलच कसा? त्याचं पोट आतल्या बाजूला घासणार, टोकं बाहेर फेकली जाणार, आणि सात डबे एकमेकांना ओढून रुळावरून खाली येणार. मी "अरेच्चा" म्हणालो. मानही हलवली. रूळ टाकताना तुझी नजरचूक झाली असेल, असं ते बिचारे म्हणाले.

इथवर लिहून पत्र टाकायचं ठरवलं होतं. शेवटी एक ओळ, की चूक सापडली, वाईट वाटलं, कधीतरी या. पाकिटाला तिकीटसुद्धा लावलं. दोन दिवस ते टेबलावर पडून आहे. रोज जाताना खिशात घालतो आणि येताना परत टेबलावर ठेवतो. आज फोडलं आणि पुढे लिहायला बसलो.

दाजी, मला माहीत होतं.

त्या कोपऱ्यात पाण्याचा पाइप आहे, आठवतो ना? आराखड्यातलं वळण त्याच्यावर आदळत होतं. सगळ्यांना सांगितलं असतं तर मांडणीचं टेबल पुन्हा कापावं लागलं असतं, आणि मी तर रविवारी गाडी पळवून दाखवतो म्हणून छाती ठोकून बसलो होतो. वळण आत ओढलं. मालगाडीच्या आखूड वाघिणी सुरळीत गेल्या. वर डोंगर करायची कल्पनाही माझीच. सगळ्यांनी डोंगराचं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

डबे कापण्यापूर्वी तुम्ही मला विचारलं होतंत, सगळ्यात तीव्र वळण किती? मी म्हणालो, अठ्ठावीस. तेव्हा तोंड उघडलं असतं तरी निभावलं असतं. तुम्ही दोन वर्षं राबलात. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि संध्याकाळी त्याच अवजारांनी केसाएवढ्या चौकटींच्या खिडक्या कोरायच्या. दर तीन-चार महिन्यांनी एक डबा दाखवायला आणायचात आणि मी वा वा करायचो.

मग लोकांसमोर गाडी चालवायचा दिवस. इंजिन बोगद्यात शिरलं सात डबे घेऊन आणि बाहेर आलं दोन घेऊन. कुणीतरी हसलं. रूळ माझा, म्हणून मीच बॅटरी घेऊन बोगद्यात डोकं घातलं. ती हिरवी रेघ मी तेव्हाच पाहिली. ओली असल्यासारखी चमकत होती. पाचांपैकी चार डबे हाती लागले ते काढले, शर्टाने पुसले, आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणालो,

"रुळात काही दोष नाही. डब्यांतच खोट आहे, दाजी."

तुम्ही सहा डबे कागदात गुंडाळलेत आणि निघालात. त्या दिवसापासून तुम्ही कानशीला हात लावला नाहीत, हे मला ताईकडून कळलं. ती त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली होती. म्हणाली, "खरं सांग, रूळ बरोबर होता ना?" मी तिची शपथ घेतली. मग घरी जाऊन तिने तुम्हाला सांगितलं असणार की माझा भाऊ खोटं बोलत नाही. तुमच्या दोघांत त्यावरून काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. सहा वर्षं मूग गिळून बसलो आणि त्याचाच शीण आता सगळ्यात जास्त जाणवतो.

अजून एक. सातवा डबा हरवला नव्हता. तो टेबलाच्या सांगाड्यात पडला होता, तुम्ही गेल्यावर मला सापडला. त्याच्या खिडकीत प्लास्टरचा कपचा रुतला होता. परत दिला असता तर तुम्ही पाच मिनिटांत ओळखलं असतं, म्हणून दिला नाही. माझ्या कपाटात, स्वेटरांच्या मागे होता.

टेबल आणि रूळ तेवढे मोडायचे राहिले आहेत ते एवढ्याचसाठी. या आठवड्यात मी ते वळण उखडलं आणि पाइपच्या बाहेरून फळी काढून पुन्हा टाकलं. अठ्ठावीस. तीनदा मोजलं आणि चिटणीसांकडूनही मोजून घेतलं. त्यांना कारण सांगितलं. टेप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, आधी दाजींना कळव.

ताईला मी सांगणार आहे, पण तुम्ही वाचल्यावर. हे पत्र तिला वाचायला द्या. नाही दिलंत तरी शुक्रवारी मी तिला फोन करीन आणि तीन वाक्यांत का होईना, सांगेन. माफ करा असं लिहून पाहिलं, फार हलकं वाटलं, खोडलं.

रविवारी सकाळी अकरापासून तळघर उघडं आहे. संध्याकाळी सुतार सगळं न्यायला येणार. कपचा काढून सातवा डबा मी इंजिनामागे लावला आणि चाळीस फेऱ्या मारल्या. एकदाही घसरला नाही. आता तो रुळावर उभा आहे, एकटाच. पुढे सहा डब्यांची जागा सोडली आहे.

डब्यांत खोट नव्हती, दाजी.

तुमचा मेहुणा
(ताईचा भाऊ आहे की नाही, ते तिने ठरवावं)