सामायिक जिना

३ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची स्वतःच्या घरात! चार मजली इमारत, त्यात तिसरा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. सेक्रेटरीबाई मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या. नियम समजावले: दाराच्या आतलं तुमचं, जिना, गच्ची, आवार सगळ्यांचं सामायिक. मी विचारलं, मग माझ्या वाट्याला पायऱ्या किती? खूप हसल्या. ह्यांना मात्र हे घर बघायलाच मिळालं नाही. किल्ली हातात यायच्या तीन आठवडे आधी गेले. जन्मभर वायरमनकी केली, लोकांच्या नव्या घरांत दिवे लावले. असो. आज रडायचं नाही असं ठरवलंय.

८ फेब्रुवारी
जिन्यातला बंद दिवा लागला. समोरचे मास्तर म्हणाले, तुम्ही पाठवलेल्या माणसाचा हात चांगला आहे हो. मी कुणालाच पाठवलं नव्हतं.

११ फेब्रुवारी
पंपाचं बटणही दुरुस्त झालं. सेक्रेटरीबाईंनी त्या माणसाला पाहिलंय. खाकी पिशवी, कानामागे पेन्सिल, डावा पाय ओढत चालतो. तिसरा मजला विचारत होता म्हणे.
शिडीवरून पडल्यापासून ह्यांचा डावा पाय तसाच होता.

१५ फेब्रुवारी
दुपारी पावलं ऐकली. एक ठाम, एक घासत. माझ्या दारावरून वर गेली. धावले. गच्चीला कुलूप. कुणी नाही.

१७ फेब्रुवारी
सगळ्यांना दिसतात, मलाच नाही. मास्तरांच्या बायकोने पाणी दिलं. तिला म्हणाले, बायको वाट बघत असेल, घर सापडत नाही.
जिन्यातच आहेत. सगळ्यांच्या जागेत. माझ्या नाही.

१९ फेब्रुवारी
दार सताड उघडून उंबऱ्यात बसले. ते आले.
"बाई, तिसरा मजला कुठे?"
"अहो, हाच. मी आहे. आत या ना."
त्यांनी आत पाहिलं, समोर भिंत असावी तसं. हात धरून ओढला. गार. उंबरा ओलांडेना. सुटला. ते पुन्हा चढू लागले—

२० फेब्रुवारी
वही घेऊन त्यांच्या मागे निघाले. चौथा मजला झाला. पाचवा. आमच्याकडे पाचवा नाहीच—

दारं सारखी. पाट्या कोऱ्या. खाली वाकून पाहिलं, नुसता जिना—

हाक मारली की थांबतात. तेच विचारतात. मी सांगते. आभारी आहे बाई, म्हणतात, आणि पुढे—

पाय उचलत नाहीत. ते दोन वळणं वर.

आपल्या दाराचा रंग सांगावा म्हटलं त्यांना, म्हणजे ओळखतील. तो तर— तो कुठला होता—