आतला गडी

४ एप्रिल, शनिवार

आले एकदाची! नेब्रास्कापासून पिकअपच्या काचा खाली ठेवून आले, त्यामुळे केसांचं घरटं झालंय, पण मन इतकं हलकं कधी झाल्याचं आठवत नाही. पिन्योन वेल्स म्हणजे एक पेट्रोल पंप, एक चर्च, एक खाणावळ आणि नजर जाईल तिथवर लाल माती. माझी शाळेपासूनची मैत्रीण नेवा हिने शिवणकामाची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. तिचा नवरा ऑर्विल टकेट दारातच म्हणाला, आलीस का ड्रायव्हरीणबाई, पोरं कुठल्या थांब्यावर विसरलीस? मी जन्मभर शाळेची बस चालवली, त्यावरून हा टोमणा. हा रोजच ऐकावा लागणार.

आणि मागच्या अंगणात माझा ट्रेलर, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर! १९५६ सालचा, चंदेरी, पावाच्या लादीसारखा गोलसर. खिडक्यांच्या काचा निखळलेल्या, जमीन कुजलेली, आत उंदरांचं अख्खं खानदान. बघताक्षणी प्रेमात पडले. इतकी वर्षं एकाच रस्त्यावर फेऱ्या मारल्या आणि रोज संध्याकाळी बस त्याच फाटकात आणून लावली. आता घर विकलंय. हेच घर. जूनपर्यंत हा पिकअपला जोडायचा आणि ओरेगनला विनीताईकडे निघायचं, तिथून पुढे वाट फुटेल तिकडे. परत फिरायचं नाही.

ज्यांच्याकडून घेतला त्या आयव्ही सोअर्ड्स स्वतः ट्रेलरसोबत आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काटक. त्यांचे यजमान डेल्बर्ट हा ट्रेलर दुरुस्त करत होते, ते राहून गेलं. निघताना त्यांनी विचारलं, जोडीला कोणी आहे ना? मी ऑर्विलकडे बोट दाखवलं. मग हरकत नाही पोरी, म्हणाल्या, एकटीनं मात्र हात लावू नकोस. माझ्या कंबरेची काळजी वाटली असावी.

११ एप्रिल

नवशिक्याची पहिली चूक आज केली. आतलं सगळं एकदम उखडायला घेतलं. ऑर्विल कॉफीचा कप घेऊन आला आणि ओरडलाच. म्हणे, आतल्या फळ्यांवरच ही डबी उभी आहे, सगळ्या काढल्यास तर कोणी बूड टेकवलेल्या हॅटसारखी बसेल! एक तुकडा काढायचा, तो नव्या प्लायवूडवर ठेवून पेन्सिलीने गिरवायचा, कापायचा, बसवायचा, मगच दुसरा. जुना तुकडा फेकायचा नाही, तोच साचा.

मागच्या बाजूला अॅल्युमिनियमचा पत्रा माणूस जाईल एवढा गायब आहे. तिथे कोणीतरी गंजका टिनाचा तुकडा ठोकून ठेवलाय. मला वाटलं गारपीट. ऑर्विलने कडेवरून बोट फिरवलं. करवतीने कापलंय, म्हणाला. मोठी खिडकी हवी असेल कोणाला. ते भोक आधी बंद करायचं ठरलं.

नेवाने हिरव्या मिरचीचा रस्सा केला होता. नाकाडोळ्यांतून पाणी. ऑर्विल म्हणाला, नेब्रास्कात मीठसुद्धा तिखट लागतं वाटतं.

१८ एप्रिल

आज रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे आखूड खिळे, मारायला शिकले. ऑर्विलने विमानाच्या कारखान्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे आज त्याचा रुबाब बघण्यासारखा होता.

या कामाला दोघं लागतात. बाहेरचा गडी हवेच्या बंदुकीने रिव्हेटवर ठोकतो. आतला गडी त्याच जागी पत्र्यामागे लोखंडी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं टोक चेपून पसरतं आणि पत्रा पकडतं. कानांवर जाड टोप्या असतात, बोलणं ऐकू येत नाही. म्हणून सगळं ठोक्यांवर. आतून एक ठोका, म्हणजे ठोकळा लावलाय, मार. दोन, म्हणजे छान बसला, पुढचा घे. तीन, म्हणजे वाकडा गेला, थांब आणि काढ. आतून ठोका आल्याशिवाय बाहेरच्याने कधीही मारायचं नाही. विमानाच्या कारखान्यात हा नियम मोडणाऱ्याला कोणी जेवायला जवळ बसवत नसे, असं ऑर्विल सांगत होता.

आणखी एक रीत. एक जोड, म्हणजे पत्र्याची एक अख्खी कड, संपला की आतल्याने बाहेर यायचं, बाहेरच्याने आत जायचं. आत भट्टी असते. पाळी चुकवणारा तो हरामखोर, ऑर्विलच्या शब्दांत.

माझे पहिले रिव्हेट भयंकर. आतून सारखे तीन, तीन, तीन. शेवटी त्याने दारातून डोकं काढून विचारलं, बस पण अशीच लावायचीस का, फुटपाथवर?

२३ एप्रिल

नेवाच्या लेकीचं ऑपरेशन ठरलं. दोघं सकाळी आल्बुकर्कला गेली, मंगळवारी येतील. जाताना ऑर्विल बजावून गेला, चाकांना रंग दे, दाराच्या बिजागऱ्या बसव, रिव्हेटला हात लावू नकोस. मागच्या भोकावर नवा पत्रा बेतून, भोकं पाडून, नुसता अडकवून ठेवला आहे.

घर एकदम मोठं वाटतंय.

२४ एप्रिल

हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

दुपारी सगळी भोकं जुळतात का ते बघत होते. एक रिव्हेट घालून पाहिला. बंदुकीला हवा देणारा कॉम्प्रेसर चालू होता, बंदूक हातात होती. सवयीने टोक टेकवलं. आणि आतून एक ठोका आला.

पत्रा उन्हाने ताणला की टकटक करतोच. हसले आणि तशीच मारली बंदूक. मोकळ्यावर मारली की ती नुसती थरथरते. आज तशी थरथरली नाही. मागे काहीतरी घट्ट होतं.

मग दोन ठोके.

आत जाऊन पाहिलं. कोणी नाही. रिव्हेटचं टोक नाण्यासारखं गोल, सपाट. ऑर्विलचासुद्धा इतका नीट येत नाही. ठोकळा खाली पडला होता. हाताला गरम लागला.

२५ एप्रिल

मागचा सगळा पत्रा बसवला.

वेडेपणा आहे, कळतंय. पण पहिला घाबरत, दुसरा जरा कमी घाबरत, आणि मग हात चालायलाच लागला. एक ठोका, मारायचं. दोन ठोके, पुढे. इतकी वर्षं एकटीने बस चालवली, मागे कलकलाट, पण बाजूची सीट कायम रिकामी. आज पहिल्यांदा कोणी बरोबरीने काम करतंय असं वाटलं. एकदाही तीन आले नाहीत. एकदाही! ऑर्विलला दाखवीन तेव्हा त्याचं तोंड बघायचंय. जूनही लांब राहिला नाही.

शेवटचा रिव्हेट झाल्यावर मी मोठ्याने म्हटलं, आभारी आहे हो गडी.

त्यावर आतून खूप ठोके आले. घाईघाईचे, दोनाच्या जोड्यांमध्ये. दोन, दोन, दोन. आणि प्रत्येक जोडीनंतर पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखं. याचा अर्थ ऑर्विलने सांगितला नव्हता.

२६ एप्रिल, रविवार

चर्चला गेले नाही. आयव्हीबाईंना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचे यजमान रिव्हेटच्या वेळी आत कोणाला उभं करायचे?

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, पोरी, तू एकटीनं मारलेस.

डेल्बर्टलाही आतून ठोके यायचे. तो खुशीत असायचा. असा गडी मिळायला नशीब लागतं, न थकणारा, न चुकणारा, असं जेवताना सांगायचा. त्या हसण्यावारी न्यायच्या. एका दुपारी त्या जेवण घेऊन गेल्या तर ट्रेलर चहूबाजूंनी बंद. दारसुद्धा. चौकटीला सगळीकडून रिव्हेट. आतून ठोके येत होते. शेजाऱ्यांनी करवत आणून मागचा पत्रा कापला. आत कोणी नव्हतं. बाहेरही कोणी सापडलं नाही. त्याची गाडी, टोपी, डबा सगळं जागच्या जागी.

मग विकलात कशाला, मी ओरडले. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, तो फार न्यायाचा माणूस होता गं. स्वतःची आत जायची पाळी कधी चुकवली नाही त्यानं. पण दुसऱ्यानं चुकवलेलीही त्याला खपायची नाही.

कापलेलं ते भोक. मी काल तेच बंद केलं.

२७ एप्रिल

ट्रेलरकडे गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. पडदा ओढून घेतला.

आतून ठोके चालूच आहेत. एक. मग थांबतो. मग एक. तयार आहे म्हणतो. वाट बघतो.

विनीताईला फोन केला. म्हणाली, सोड तो डबा आणि बसने ये. माझ्याकडे दुसरं घर नाही, ताई, असं म्हणाले. ती म्हणाली, हट्टी गाढवा, माझं घर काय कुत्र्यासाठी बांधलंय? हसवलं तिने. पण फोन ठेवल्यावर पुन्हा तो एक ठोका.

विचार केला. ठोकळ्याशिवाय रिव्हेट बसत नाही. तो आतच पडलाय. तोच काढून कालव्यात टाकला तर काम तिथेच संपलं. उद्या भर दुपारी, लख्ख उन्हात. दाराला दगड लावून. दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर.

२८ एप्रिल, मंगळवार

दार लागलं. दगड लावला होता. मी ठोकळा उचलला आणि दार लागलं.

वही एप्रनच्या खिशात होती, मापं लिहायला ठेवते ती. खिडक्यांवर धुळीसाठी बाहेरून पत्रे लावलेत, त्यांच्या फटींतून उजेड येतोय. लिहिता येतंय.

कॉम्प्रेसर मी बंद केला होता. तो चालू झालाय.

—

चूक केली. घाबरून ठोकळ्याने दारावर मारत सुटले. वाचवा, वाचवा. प्रत्येक ठोक्याला बाहेरून बंदूक. प्रत्येक ठोक्याला एक रिव्हेट. माझ्या डोळ्यांसमोर टोकं चेपून सपाट होत होती. दाराची एक अख्खी बाजू मीच बंद करून घेतली.

मग कळलं. एक ठोका, म्हणजे मार. मीच त्याला सांगत होते.

हात थांबवला. तोही थांबला.

नियम पाळतो तो.

—

मधोमध बसलेय. कशालाही धक्का लागू देत नाही. नुसता घाम. जीभ सुकलीय. ऑर्विल आज येणार आहे. तोपर्यंत गप्प बसायचं, एवढंच. ठोका नाही तर रिव्हेट नाही.

बाहेर कोणीतरी चालतंय. जड बूट. माणूस खूप दिवसांनी मोकळा फिरतो तसं, सावकाश.

—

पत्रा तापतोय. ताणतो तेव्हा आवाज येतो. टक.

देवा, पत्र्याचा आवाज. तो त्यालाच ठोका समजतो. टक, आणि बंदूक. पहिली खिडकी गेली. उजेड कमी झाला.

दुसरी—

—

ठोकळा सोडता येत नाही. मूठ उघडत नाही. पत्रा टक म्हणतो आणि माझा उजवा हात आपोआप तिथे जातो, बरोबर रिव्हेटच्या मागे, दाबून धरतो. मी ओढते. येत नाही. झाल्यावर हात स्वतःच दोनदा ठोकतो. छान बसला. पुढचा.

डाव्या हाताने लिहितेय.

सगळे नाण्यासारखे सपाट. एकही वाकडा नाही.

—

छपरावरची एक फट उरलीय. तेवढाच उजेड.

बूट दूर गेले. फाटकाबाहेर गेले. खडीवरचा आवाज विरत गेला. परत आले नाहीत. गेला तो. मोकळा झाला.

आणि गाडी. गाडी आली! ऑर्विलची गाडी, तो खडखडाट कुठेही ओळखेन—

—

ऑर्विलच आहे. नेवाशी बोलतोय. म्हणतोय, बघ हिचा कारभार, सांगितलं होतं हात लावू नको, आणि पठ्ठीने दारापर्यंत मजल मारलीय! आत आहेस ना, मग बाहेर मदतीला कोणाला घेतलं होतंस गं? मी ओरडले. घशातून हवा निघतेय नुसती. तो हसतोय. म्हणतो, थांब, वरचा एवढा मी मारून देतो, मग कॉफी. शिडी लावली.

नेवा म्हणतेय, आधी तिला बाहेर तर येऊ दे. तो म्हणतोय, एक जोड संपल्याशिवाय कोणी बाहेर येत नाही, ही रीत आहे.

त्याने कानावर टोपी चढवली असणार. आता फक्त ठोके ऐकेल.

—

तीन! तीन ठोके! वाकडा गेला, थांब आणि काढ. तीन ठोकले की तो काढेल. एक उचकटला की बघेल आत. मला बघेल.

हात वर जातोय. फटीपाशी. माझ्या मनाने नाही, पण जाऊ दे, तिथेच जायचंय मला.

एक दिला. त्याने मारला. उजेड गेला. चाचपून लिहितेय.

आता तीन. नुसते तीन. डेल्बर्टने एकदाही तीन दिले नव्हते, मी म्हटलं होतं किती सरस गडी— त्या जोड्या, ते घासणं, तो तिसऱ्यासाठी—

नाही. मी देणार. सगळा जोर लावून देणार. ऑर्विल थांबलाय, ऐकतोय.

एक

दोन

आणि