पिल्लं निघेपर्यंत फुलं बाहेरच

पील, १८ मार्च १९५३

चि. व्होरीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. इकडे मी आणि हंसीण बऱ्या आहोत. सून बिघडलीय.

फिनलो बोटीवर मासे धरायला गेलाय. घरात मी आणि त्याची नवी बायको एनिड. ओढ्याकाठचा बांध डॅफोडिलनं पिवळाधमक झालाय. ती सकाळचा चहा तिथंच घेऊन बसते. बसू दे. पण परवा तिनं ओंजळभर फुलं तोडली आणि बरणीत घालून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. हंसीण अंड्यांवर बसलेली असताना. आपल्या बेटावर शेंबडं पोरसुद्धा असं करत नाही. पिल्लं निघेपर्यंत हे फूल उंबऱ्याच्या आत नाही, नाहीतर अंडी वाया जातात, आईनं सांगितलेलंच आहे. मी बरणी उचलून अंगणात ठेवली. समजावत बसायला वेळ कुणाला होता?

बाई लिव्हरपूलची. रडली नाही, ट्रंक काढली. म्हणते, "आत्ता नाही जात. अंडी वाया गेली तर खापर माझ्यावर. पिल्लं निघाली की आईकडे जाते, ती कायमची." आता पिल्लं निघावीत म्हणू की निघू नयेत? फिनलोला काय तोंड दाखवू?

लोभ आहे तेवढा राहू दे आणि डोकं वापरून उत्तर धाड.

तुझी ताई,
ब्रीशी

डग्लस, २३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून हसले, रागावू नकोस. माझ्या टेबलावर आत्ता डॅफोडिलच आहेत. इथं शहरात हंसीण कुठून आणू?

अगं, त्या मुलीला ही रीत कुणी सांगितली का? तिला वाटलं असेल, सासूनं फुलं नाही, मलाच बाहेर काढलं. तूही एकदा चहा घेऊन बांधावर तिच्याशेजारी जाऊन बस. बोलू नकोस, तू बोललीस की बिघडतं.

धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
व्होरी

पील, ७ एप्रिल

चि. व्होरीस,

आशीर्वाद, वि. वि. बसले बाई बांधावर. जमीन ओली, कंबर धरली. आधी दोघी नुसत्या फुलांकडे बघत होतो. वाऱ्यानं सगळा बांध हलत होता, बरं वाटलं. मग मी बोललेच. हंसिणीचं सांगितलं, आईचं सांगितलं. ती म्हणाली, हे आधी सांगायला काय झालं होतं? पण ट्रंक भरलेलीच राहिली.

काल पिल्लं निघाली. एक अंडं वाया गेलं नाही. आज सकाळी तिची ट्रंक खाली आणायला वर गेले, तर खिडकीच्या पडद्यामागे बरणी. डॅफोडिलचीच. काही पार वाळलेली, काही ताजी. म्हणजे पहिल्यापासून हे माझ्याच छपराखाली चाललं होतं. एनिड लाल झाली. मी म्हटलं, "एवढी चांगली फुलं इथं कोंडून कशाला ठेवलीस? खाली टेबलावर आण."

तिनं आणली. वाळकी काढली, दांडे कापले, पाणी बदललं. लिव्हरपूलची बोट केव्हाच सुटून गेली, दोघींनीही विषय काढला नाही. ट्रंक वरच आहे.

पुढच्या वर्षी मात्र पिल्लं निघेपर्यंत फुलं बाहेरच. पडद्यामागे काय आहे ते मी बघायला जाणार नाही.

पिल्लं बघायला ये. लोभ इथं येऊन दाखव.

तुझी ताई,
ब्रीशी